दिवसाला एक टर्न

रविवार, सकाळी साडेसहा. मिरजेत आमच्या गल्लीत दूधवाला फिरतोय, मेलबर्नमध्ये धाकट्या भावाच्या घड्याळात अकरा वाजलेत आणि न्यू जर्सीत माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे अजून शनिवारची रात्र चालू आहे, नऊ वाजलेत. तिघंही जागे आहेत आणि तिघांनाही काम नाही, अशी आठवड्यातली ही एकच वेळ आम्हाला सापडली. मागच्या वर्षी जूनमध्ये ती धरून आम्ही ‘सिव्हिलायझेशन ६’ ही टर्न-टर्नने आपलं राज्य वाढवत न्यायची कॉम्प्युटर गेम खेळायला बसलो. नऊ रविवार बसलो. एकसष्टाव्या टर्नला डाव थांबला, तो कायमचाच.

कुणी आळस केला म्हणून थांबला असं नाही. नऊपैकी चार रविवार धड झाले. एकदा मैत्रिणीची मुलगी तापाने फणफणली. एकदा धाकट्याला अचानक शिफ्ट लागली. दोनदा आमच्याकडे पहाटेची लाईट गेली. आणि एकदा मीच डाव सोडून दुकानाचं शटर उघडायला गेले, कारण पलीकडच्या गल्लीतल्या आजोबांचं इन्सुलिन संपलं होतं. आमचं मेडिकल आहे. आधी अप्पा बसायचे, आता मी बसते. असं काही आलं की उठावंच लागतं, आणि एक उठला की बाकीचे दोघं नुसते बसून राहतात. ऑक्टोबरात मेलबर्नचं घड्याळ एक तास पुढे जातं, नोव्हेंबरात न्यू जर्सीचं एक तास मागे येतं. तोपर्यंत टिकलो असतो तर वेळ पुन्हा जुळवत बसावं लागलं असतं.

त्या डावाचं मला फार वाईट वाटलं. मला हा खेळाचा प्रकार मनापासून आवडतो. पटावर शांतपणे विचार करायचा, चाल करायची आणि समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज बांधत थांबायचं. ते सोडून द्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून मग टर्न एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचे जेवढे प्रकार हाताला लागले तेवढे आम्ही गेल्या वर्षभरात करून पाहिले. ओळखीतली दोन-तीन जणं अलीकडे विचारतात, “मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला चांगली टर्न-बेस्ड गेम सांग.” मी त्यांना सांगते, गेमचं नंतर बघू, आधी तुमच्यात टर्न कशी फिरणार ते ठरवा. डाव पुरा होणार की नाही, ते तिथेच ठरतं.

रविवारी आम्ही ‘सगळ्यांची टर्न एकदम’ हा पर्याय घेतला होता. तिघंही एकाच वेळी आपापली माणसं हलवतात, शहरांना काम लावतात, आणि तिघांनी ‘टर्न संपली’ म्हटलं की पुढची टर्न उघडते. सुरुवातीला हे झकास चालतं. शहर एक, माणसं दोन, अर्ध्या मिनिटात मोकळं. पण शहरं वाढली की सगळ्यात सावकाश खेळणाऱ्याच्या वेगाने डाव चालतो. आमच्यात सावकाश खेळणारी मैत्रीण. ती विचार करून खेळते, त्यात तिची काहीच चूक नाही, पण आठ मिनिटं वाट पाहणाऱ्या माणसाचा हात फोनकडे जातोच.

आणि युद्ध लागलं की हा खेळ डोक्यातून निघून बोटांत जातो. अठ्ठावनाव्या टर्नला माझे दोन धनुर्धारी टेकडीवर होते, धाकट्याचे घोडेस्वार खाली. पुढच्या टर्नला बाण मारायचे हे माझं आधीच ठरलेलं होतं. टर्न उघडली, माझ्या स्क्रीनवर नकाशा स्थिरावेपर्यंत त्याने क्लिक केलं होतं आणि एक धनुर्धारी पडला होता. टेकडी निवडली, नदी मध्ये ठेवली, चार टर्न आधीपासून जुळवाजुळव केली, आणि निकाल लावला कुणाचा माऊस आधी वाजला याने. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. एरवी एकदम आणि युद्धात आळीपाळीने, असा मधला मार्ग काही गेममध्ये असतो. मग दोघांचं युद्ध चालू असताना तिसरा जांभया देतो.

अशा थेट खेळात अजून एक गोष्ट असते, ती मला धाकट्याने समजावली. आपल्याला वाटतं की एका ठिकाणी गेम चालू आहे आणि सगळ्यांना तिचं चित्र दिसतंय. तसं नसतं. बऱ्याच स्ट्रॅटेजी गेममध्ये प्रत्येकाचा कॉम्प्युटर आपापला पूर्ण डाव स्वतःच चालवतो. तारेवरून फक्त हुकूम जातात, अमुक तुकडी अमुक घरात. सगळ्यांचं गणित तंतोतंत सारखं आलं पाहिजे. एकाचं कुठे किंचित चुकलं की डाव थांबतो आणि सगळ्यांना मूळ प्रत परत उतरवून घ्यावी लागते. तीन खंडांत तीन माणसं असली की ही वाट पाहणंसुद्धा डावाचाच भाग होऊन बसतं.

कॉलेजात असताना हे सगळं सोपं होतं, कारण कॉम्प्युटरच एक होता. २००२-०३ साली, कोल्हापूरला हॉस्टेलवर, आमच्या मजल्यावर एकीकडेच कॉम्प्युटर, आणि त्यात ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’. हॉटसीट म्हणजे खुर्ची एक, खेळणाऱ्या चौघी. आपली टर्न झाली की उठायचं. स्क्रीनवर पुढच्या रंगाची पाटी येते, नकाशा काळा होतो, आणि ती बसली की उघडतो. बाकीच्या तिघी गॅलरीत. त्या गेममध्ये सात दिवसांचा आठवडा असतो आणि नव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी गावागावांत नवे सैनिक तयार होतात, त्यामुळे ती टर्न लांबलचक चालते. आठवडा बदलला की आम्ही मेसला जेवून यायचो. परत येईपर्यंत आपला नंबर लागलेला असायचा. न्यू जर्सीची मैत्रीण त्याच चौघींतली, आणि तेव्हाही तीच सगळ्यात सावकाश खेळायची. पण तेव्हा कुणाला ते खटकलं नाही, कारण वाट पाहायला गॅलरी होती, गप्पा होत्या.

ती १९९९ ची गेम आजही लोक ऑनलाइन खेळतात. चाहत्यांनी तिच्यावर ‘हॉर्न ऑफ द अबिस’ नावाची मोठी भर घातली आहे, ऑनलाइन जोडीदार शोधायला तिला स्वतःची लॉबी आहे, आणि दोघांचे हिरो एकमेकांजवळ येईपर्यंत टर्न एकदम खेळायची सोयही आहे. फक्त घेताना बघून घ्या. २०१५ ची एचडी आवृत्ती दिसायला गुळगुळीत असली तरी तिच्यात पुढचे दोन विस्तार नाहीत आणि ही भर तिच्यावर चढत नाही. त्यासाठी जुनी ‘कम्प्लीट’ आवृत्ती लागते.

हॉटसीट घरबसल्या करायचा एक उपायही आम्ही करून पाहिला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१९ पासून ‘रिमोट प्ले टुगेदर’ ही सोय आहे. गेम एकाकडेच असली तरी चालतं, तिचा स्क्रीन बाकीच्यांना दिसतो आणि ते आपापल्या घरून तोच कॉम्प्युटर चालवतात. क्रिकेट किंवा मारामारीच्या गेमला उत्तम. आमच्या कामाचं नाही निघालं, कारण स्क्रीन एकच असल्यामुळे माझ्या टर्नला माझं सगळं सैन्य धाकट्याला दिसतं. गॅलरीच राहिली नाही.

मग एक दिवस अप्पांचा पट आठवला.

मी शाळेत असताना आमच्या घरी गोदरेजच्या कपाटावर एक बुद्धिबळाचा पट कायम मांडलेला असायचा, आणि त्याला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. मिरज जंक्शनवर रेल्वेत एक गृहस्थ होते, रोज संध्याकाळी दुकानात येऊन अप्पांशी खेळायचे. त्यांची भुसावळला बदली झाली. त्यानंतर दोघं पोस्टकार्डावर खेळायला लागले. कार्डावर वर खुशाली, खाली चार आकडे. ५२५४. पाचव्या उभ्या ओळीतल्या दुसऱ्या घरातून चौथ्या घरात, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. ही आकड्यांची पद्धत आंतरराष्ट्रीय आहे, पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळासाठीच केलेली. भाषा कुठलीही असो, आकडे सगळ्यांना कळतात. पांढऱ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला तर ५१७१. मला हे आकडे तेव्हा पाढ्यासारखे पाठ झाले होते.

पत्रातून बुद्धिबळ खेळणाऱ्यांची जागतिक संघटना १९५१ पासून आहे, आणि पोस्टाच्या खेळात दहा चालींना तीस दिवस असा हिशेब असायचा. पत्र वाटेत असेल तो काळ त्यात धरत नसत. विचाराला घेतलेले दिवस तेवढे मोजायचे. अप्पा आणि ते गृहस्थ काही मोजत नसत, पण अप्पा एक युक्ती मात्र नेहमी करायचे: “तुम्ही घोडा मारलात तर मी उंटाने मारतो, आणि मग वजीर मागे घेतलात तर हत्ती सातव्या घरात.” एका कार्डात तीन चाली. समोरच्याने तसंच केलं तर दोन आठवडे वाचतात. आज लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर पत्रबुद्धिबळाच्या डावात ही ‘तर’ची सोय जशीच्या तशी आहे, आणि चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत वेळ लावता येतो.

त्यांचा एक डाव दीड वर्ष चालला. दुकान, घर, माझी शाळा, आजीचं आजारपण, सगळं चालू असताना तो डावही चालू होता. रात्री जेवण झालं की अप्पा स्टुलावर चढून पटाकडे पाहत उभे राहायचे. दहा मिनिटं, कधी पंधरा. मग खाली उतरून झोपायला जायचे. चाल दुसऱ्या दिवशी.

आम्हाला हवं होतं ते हेच. तिघांनी एकत्र जागं असायची गरजच नाही. माझी टर्न मी माझ्या वेळेला खेळावी, डाव कुठेतरी थांबून राहावा, आणि पुढच्याला निरोप जावा.

सुरुवात केली ‘द बॅटल ऑफ पॉलिटोपिया’ने, कारण ती फोनवर चालते. स्वीडनच्या मिडजिवान या छोट्या कंपनीची गेम, २०१६ ची. झिन-शी, इम्पेरियस, बार्दूर, ऊमाजी या चार जमाती फुकट मिळतात. ऑनलाइन खेळायला आम्हाला प्रत्येकी एक जमात विकत घ्यावी लागली. टर्नला चोवीस तासांची मुदत. आपली टर्न आली की फोन वाजतो. उघडलं की आधी समोरच्यांनी काय केलं ते दिसतं, म्हणजे आपल्या नजरेच्या टप्प्यात जेवढं येतं तेवढं, आणि मग आपण खेळायचं. सुरुवातीच्या टर्नला मिनिटभर, शेवटी शेवटी दहा मिनिटं. एक तर दहा हजार गुण आधी कोण करतो असा डाव मांडायचा, नाही तर सगळ्यांच्या राजधान्या घ्यायच्या.

दुकानात बसून खेळायला याहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही. फोन काउंटरखाली, कात्री आणि रबरबँडच्या डब्याशेजारी. माझा एक नियम आहे आणि तो मी मोडत नाही: गिऱ्हाईक पायरीवर आलं की फोन पालथा. औषधांची नावं एकमेकांसारखी असतात, पाच आणि पन्नास मिलिग्रॅमच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात, तिथे अर्धं लक्ष चालत नाही. अर्धी टर्न तशीच राहते, तिला घाई नसते. चिठ्ठी बघून औषध द्यावं, डोस समजावून सांगावा, सुट्टे पैसे द्यावेत आणि मग परत बर्फाळ रानात यावं. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं तेव्हा खरा विचार होतो.

पहिल्या डावात मी बार्दूर घेतली होती. यांना शिकार पहिल्यापासून येते, दोन ताऱ्यांना (तारे म्हणजे इथले पैसे) एक जनावर मारलं की गावाची लोकवस्ती वाढते, त्यामुळे पहिलं गाव पटकन मोठं होतं. मी पाच योद्धे एका ओळीत उभे करून धाकट्याच्या सरहद्दीवर आणले. रात्री दुकान बंद करताना टर्न संपवली. सकाळी उघडून बघते तर ओळीतले चार गायब. त्याने एकच नाइट, म्हणजे घोड्यावरचा सरदार, सोडला होता. या गेममध्ये नाइटने समोरच्याला मारलं की तो त्या जागी जातो आणि त्याला लगेच पुन्हा वार करता येतो. मारत राहील तोवर थांबत नाही. आणि इथे फासे नाहीत. कोण किती घाव देणार हे हल्ल्याचा जोर, बचाव आणि उरलेलं आयुष्य यांवरून आधीच ठरलेलं असतं. म्हणजे त्याने ते चार वार आधी मोजले होते.

मी एका औषध कंपनीच्या डायरीत, एमआर लोक वाटतात तसल्या, गणित मांडून बसले. नाइटचा जोर साडेतीन. योद्ध्याचा बचाव दोन, आयुष्य दहा; उघड्यावर उभा असलेला धडधाकट योद्धासुद्धा एका फटक्यात जातो. ढालकऱ्याचा बचाव तीन, आयुष्य पंधरा. तो पहिल्या फटक्याला आठ गमावतो आणि जिवंत राहतो. तो जगला की साखळी तिथेच तुटते, आणि नाइट माझ्या माणसांच्या मधोमध अडकतो. ढालकऱ्याला तारे तीनच लागतात. तेव्हापासून माझ्या ओळीत प्रत्येक दोन योद्ध्यांमागे एक ढालकरी असतो. धाकट्याला हे कळायला एक पूर्ण डाव लागला.

हे गणित करायला मला रात्रभराचा वेळ मिळाला. सकाळी साडेसहाच्या त्या धावपळीत मी फक्त चिडले असते.

बाकी नियम आमचे आम्ही ठरवले. घरात लग्न, आजारपण, प्रवास असेल तर आधी सांगायचं, म्हणजे मुदतीची वेगळी बोलणी करता येतात. गौरी-गणपतीत नवा डाव मांडायचा नाही. टर्न खेळल्यावर ग्रुपवर हसरे चेहरे टाकून समोरच्याला काळजीत पाडायचं नाही, हा मैत्रिणीने घातलेला नियम. तरी धाकट्याचा मेसेज येतोच: “ताई, तुझी टर्न कधीची पडलीय.” वर्षभरात असे नऊ डाव पुरे झाले. त्यातले तीन मी जिंकले, चार मैत्रिणीने. विचार करून खेळणारीला आता घाई करणारं कुणी नाही.

दिवाळीत आम्ही परत सिव्हिलायझेशनकडे वळलो. सहाव्या आवृत्तीत ‘प्ले बाय क्लाउड’ म्हणून प्रकार आहे, तो आम्ही रविवारी कधी पाहिलाच नव्हता. एक जण खेळतो, डाव ढगात जाऊन बसतो, दुसरा उतरवून घेतो. पूर्वी हेच लोक ई-मेलने करायचे, सेव्ह केलेली फाइल एकमेकांना धाडायचे. त्यात फाइल चुकायची, जुनीच परत उघडली जायची. इथे ती भानगड नाही. टर्न झाली की गेम एका वेबपत्त्यावर निरोप धाडू शकते. धाकट्याने मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवून तो निरोप आमच्या टेलिग्राम ग्रुपवर येईल असं केलं: डावाचं नाव, कुणाची टर्न, कितवी टर्न. ऑनलाइन वेगाचा डाव २५० टर्नचा असतो. दिवसाला एक फेरी धरली तर आठ महिने. आम्ही काही दिवस चुकवले, आज १७१व्या टर्नला आहोत.

एवढ्या लांब डावात एक मोठी अडचण येते, ती म्हणजे विसरणं. चार दिवसांनी डाव उघडला की आपण हा कालवा का खणत होतो तेच आठवत नाही. म्हणून तीच डायरी. दर टर्नला एक ओळ. “१३२: पूर्वेकडची जहाजं धाकट्यासाठी नव्हेत, बेटासाठी.” ही ओळ लिहून ठेवली नसती तर मी ती जहाजं उगीच युद्धात घातली असती. अप्पांकडे पट कपाटावर मांडलेला असायचा आणि ते रोज पाहायचे. आमचा पट दिसत नाही, म्हणून डायरी.

पैसे न घालता हाच अनुभव हवा असेल तर अँड्रॉइडवर ‘अनसिव्ह’ आहे. पाचव्या सिव्हिलायझेशनचे नियम, साधी चित्रं, फुकट आणि मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. एकमेकांचे ओळख-क्रमांक द्यायचे, डाव सर्व्हरवर राहतो, फोन मधूनमधून तपासतो आणि टर्न आली की सांगतो. फक्त फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग या गेमपुरती बंद करा, नाही तर निरोप येतच नाही आणि तुम्ही दोन दिवस समोरच्याला दोष देत बसता.

आता सर्व्हरचं, म्हणजे डाव सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, सांगते, कारण त्यात माझा एक अख्खा रविवार गेला आणि दुसऱ्या कुणाचा जाऊ नये. ‘फ्रीसिव्ह’ ही १९९६ पासूनची मुक्त गेम, डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेली. तिचा सर्व्हर आपल्याच घरी चालवता येतो, जुन्या लॅपटॉपवरही. मी दुकानाचा जुना बिलिंगचा लॅपटॉप काढला, सर्व्हर सुरू केला, तो ५५५६ नंबरच्या पोर्टवर ऐकतो म्हणून राउटरमध्ये तेवढं दार उघडलं, आणि पत्ता ग्रुपवर टाकला. कुणालाच जोडता येईना. दुपारभर मी राउटर बंद-चालू केला, फायरवॉल काढली, लावली. संध्याकाळी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहिला तर तो १००.७२ ने सुरू होत होता, आणि ‘माझा पत्ता काय’ सांगणाऱ्या वेबसाइटवर भलताच दिसत होता.

मेख तिथे होती. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते नेट कंपन्यांच्या आतल्या वापराचे. पत्ते कमी आणि घरं जास्त, म्हणून शेकडो घरांना मिळून बाहेर एकच पत्ता दिलेला असतो. मोठ्या सोसायटीच्या गेटसारखं: आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, त्याने बोलावलेला आत येतो, पण बाहेरून कुणी नुसतं येऊन “त्या ताईंकडे जायचंय” म्हटलं तर वॉचमनला कुठली इमारत ते माहीत नाही. मी माझ्या घराचं दार सताड उघडून बसले होते आणि गेट बंद होतं. कस्टमर केअरवाल्या मुलाला मी तीनदा विचारलं, त्याने तीनदा राउटर रीस्टार्ट करायला सांगितलं. शेवटी ‘टेलस्केल’ घातलं. तिघांच्या मशीनवर एकेक छोटा प्रोग्रॅम, घरगुती वापराला फुकट, आणि तिघं जणू एकाच घरातल्या वायफायवर असल्यासारखी जोडली जातात. वीस मिनिटांत काम झालं. तुमच्याकडेही राउटरवरचा पत्ता आणि वेबसाइटवरचा पत्ता वेगळा दिसत असेल, तर पोर्टच्या मागे लागू नका.

फ्रीसिव्हमध्ये सगळे एकदमच खेळतात, पण टर्न किती सेकंदांची ते आपण ठरवतो. आम्ही ८२,८०० लिहिलं, म्हणजे तेवीस तास. चोवीस का नाही? चोवीस ठेवले तर टर्न रोज एकाच वेळी बदलणार आणि ती कुणाच्या तरी पहाटे तीनलाच येणार, कायम. तेवीस ठेवले की ती वेळ रोज तासभर अलीकडे सरकते, आणि गैरसोय सगळ्यांत आळीपाळीने वाटली जाते. दिवसाला एक टर्न खेळणाऱ्यांच्या ‘लाँगटर्न’ डावांतून ही युक्ती आम्ही उचलली. टर्न बदलायच्या आधी शेवटच्या मिनिटाला एकदा आणि बदलल्याबरोबर पुन्हा, अशी एकाच तुकडीची दुहेरी चाल कुणी करू नये म्हणून मध्ये ठरावीक थांबा घालायची सेटिंगही आहे. ती पहिल्याच दिवशी लावा.

हे वाचून वाटेल की मला समोरासमोर बसून खेळलेलं आवडत नाही. आवडतं. फक्त त्याला एकाच वेळेतली माणसं लागतात. नाशिकचा चुलतभाऊ आणि मी शनिवारी रात्री साडेदहाला, दुकान बंद करून जेवण झालं की, ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ खेळतो. २००३ पासूनची, फुकट, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालणारी, षटकोनी घरांची. दोघांत आळीपाळीने टर्न, प्रत्येकाला बुद्धिबळासारखं घड्याळ, दीड-दोन तासांत डाव पुरा. नाही झाला तर सेव्ह करून पुढच्या शनिवारी तिथूनच. दोघांकडे एकाच मालिकेची आवृत्ती लागते एवढं बघा, १.१६ वाला आणि १.१८ वाला एकमेकांशी खेळू शकत नाहीत.

इथे दिवस-रात्र आहे आणि तीच या गेमचा जीव आहे. सरळमार्गी माणसं दिवसा पाव पटीने जास्त जोर लावतात, रात्री पावाने कमी. भुताखेतांचं उलटं. चुलतभावाला भुतं आवडतात, मी भालेवाले घेते, आणि भाल्याचं हाडांच्या सापळ्यापुढे फारसं चालत नाही, घावातला साठ टक्के जोर तो झेलूनच टाकतो. म्हणून संध्याकाळ झाली की मी नदीमागे सरकते, दोन मांत्रिक मागे ठेवते, आणि पहाटेची वाट बघते. समोरचा कुठेही दडलेला असो, मांत्रिकाचा वार दहांत सात वेळा लागतो, आणि सापळ्याला आग सोसत नाही. फासे सर्व्हरवर पडतात, त्यामुळे मागे जाऊन पुन्हा टाकता येत नाहीत. फोन स्पीकरवर असतो. त्याचा सापळा पुलावर आला की दोघंही गप्प होतो.

अप्पा आता ७९ वर्षांचे आहेत. फोनवरचे खेळ त्यांना नको असतात. पण परवा दुपारी ते माझ्या मागे उभे राहून बराच वेळ माझा पॉलिटोपियाचा डाव बघत होते. मी खेळायला गेले तर म्हणाले, “मुदत किती आहे?” म्हटलं, अजून अकरा तास. “मग आत्ता कशाला खेळतेस? रात्री बघ पुन्हा.”

रात्री पुन्हा बघितलं. दक्षिणेचं गाव सोडून मी नाइट जंगलाच्या मागून फिरवला. आत्ता टर्न धाकट्याकडे आहे, त्याचे सहा तास उरलेत. नाइट नेमका कुठल्या घरात आहे ते इथे लिहीत नाही, तो हे वाचतो.